आमची वाटचाल : बिलं, टॉवेल आणि वगळलेले टेस्ट

आमची छोटी कंपनी सोलापुरात होटगी रोडला आहे. टॉवेल, चादरी आणि युनिफॉर्म बनवणाऱ्यांसाठी आम्ही बिलिंग आणि स्टॉकचं सॉफ्टवेअर करतो. गिऱ्हाईक बहुतेक अक्कलकोट रोड एमआयडीसीतलं. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, रिटर्न ऑनलाइन भरायची वेळ आली आणि वहीवर चालणारे कारखानदारही आमच्याकडे वळले. तिथून पुढची धावपळ इथल्या प्रत्येक सॉफ्टवेअरवाल्याने अनुभवली आहे, त्यामुळे ती सोडून देतो.

आमचा प्रोग्राम जावा भाषेत आहे. लिहिलेल्या कोडपासून चालणारा प्रोग्राम तयार करणं म्हणजे बिल्ड, आणि तो मेव्हन या साधनाने होतो. मेव्हनमध्ये आधी टेस्ट, म्हणजे प्रोग्राम बरोबर चालतो का ते आपोआप तपासणारे छोटे कोड, चालतात; ते पास झाले की मगच जार, म्हणजे गिऱ्हाइकाला द्यायची तयार फाइल, बनतो. तिकडून फोन येतो, "सर, गाडी भरून उभीये, बिल निघंना," आणि इकडे टेस्ट संपायचं नाव घेत नाहीत. अशा वेळी आमची पोरं बिल्डच्या कमांडला गुपचूप स्किपटेस्ट्स, म्हणजे टेस्ट वगळायचा पर्याय, जोडून मोकळी व्हायची. त्यांना आळशी ठरवणं मला पटत नव्हतं. कराची आकडेमोड तपासणारा टेस्ट आणि आख्खा डेटाबेस उभा करणारा टेस्ट एकाच रांगेत असतील तर घाईतला माणूस रांग मोडणारच.

म्हणून आधी रांग तोडली. मेव्हनमध्ये टेस्ट चालवणारी शुअरफायर आणि फेलसेफ अशी दोन प्लगइन आहेत. हिशेबाचे टेस्ट शुअरफायरकडे ठेवले, डेटाबेसवाले फेलसेफकडे दिले. फेलसेफचे टेस्ट पॅकेज झाल्यानंतर, म्हणजे जार बनल्यावर, चालतात. रोजच्या कामात पोरं पॅकेजपर्यंतच थांबतात, त्यामुळे ते आड येत नाहीत. वगळण्याचं निम्मं कारण तिथेच संपलं.

उरलेल्या निम्म्यासाठी नियम केला. आपापल्या मशीनवर वगळा, माझी हरकत नाही. पण स्किपटेस्ट्सच वापरा, मेव्हन डॉट टेस्ट डॉट स्किप नको. पहिल्यात टेस्ट चालत नसले तरी कंपाइल होतात, म्हणजे त्यांचा कोड यंत्राच्या भाषेत बदलताना तपासला जातो. एखाद्या मेथडचे (कोडातल्या कामाच्या तुकड्याचे) पॅरामीटर, म्हणजे त्याला द्यायची माहिती, बदलले आणि टेस्ट जुनाच राहिला, तर बिल्ड तिथेच अडतो. दुसऱ्यात कंपाइलसुद्धा होत नाही. मग टेस्टचा कोड जागच्या जागी कुजतो आणि पुढे तो दुरुस्त करायला कुणीच धजत नाही.

गिऱ्हाइकाकडे जाणारा जार मात्र ऑफिसातल्या जेनकिन्सवरूनच, म्हणजे आपोआप बिल्ड करणाऱ्या सर्व्हरवरूनच, निघतो, आणि तिथे वगळणं नाही. मला भीती होती ती मेव्हन डॉट कॉन्फिग या, मेव्हनचे पर्याय लिहून ठेवायच्या फाइलची. कुणी त्यात स्किपचा पर्याय लिहून कमिट केला, म्हणजे सगळ्यांच्या सामायिक कोडात टाकला, की सर्व्हरवरही टेस्ट चालणार नाहीत आणि बिल्ड हिरवाच, म्हणजे पास, दिसेल. म्हणून प्रत्येक बिल्डआधी टेस्टचे जुने रिपोर्ट पुसले जातात आणि नवा रिपोर्ट सापडला नाही तर जेनकिन्स बिल्ड नापास करतो.

याचा कस लागला सप्टेंबर २०२५ मध्ये. तोपर्यंत कपडे आणि चादरी-टॉवेलना नगाला १००० रुपयांपर्यंत ५ टक्के, त्यावर १२ टक्के कर होता. २२ सप्टेंबरपासून, म्हणजे नेमकं घटस्थापनेपासून, २५०० रुपयांपर्यंत ५ टक्के आणि त्यावर १८ टक्के झाला. दिवाळीचा माल निघायची वेळ. दर बदलल्याबरोबर टेस्ट धडाधड लाल, म्हणजे नापास, झाले. ऑफिसात साहजिकच सूर निघाला, "टेस्टच जुने आहेत, या वेळी सर्व्हरवरही वगळू या." म्हणणं अगदी चूक नव्हतं, १००० आणि १००१ रुपयांवर बोट ठेवणारे टेस्ट जुने झालेच होते. ते बदलले, २५०० आणि २५०१ चे नवे लिहिले.

पण त्या लाल रांगेत एक टेस्ट खरं बोलत होता. २० सप्टेंबरला १२०० रुपयांची चादर १२ टक्क्यांनी विकली आणि ती ऑक्टोबरमध्ये परत आली, तर क्रेडिट नोट (परत आलेल्या मालाची रक्कम वजा दाखवणारी नोंद) मूळ बिलाच्या दराने, १२ टक्क्यांनीच निघायला हवी. आमचा नवा कोड ती ५ टक्क्यांनी काढत होता. सरसकट वगळले असते तर ही चूक आधी गिऱ्हाइकांच्या सीएंना दिसली असती. दर आता तारखेसकट टेबलात राहतो आणि क्रेडिट नोट मूळ बिलाची तारीख बघते.

छपाईचा टेस्ट अजून आपोआप होत नाही. इथल्या होलसेलवाल्यांना तीन प्रतींचं बिल डॉट मॅट्रिक्सवरच लागतं. त्यामुळे नवी आवृत्ती द्यायच्या आधी एक जण प्रिंटरला कागद लावून बसतो आणि एकूण रकमेची ओळ रकान्यात पडते का ते पाहतो.