पगार वेळेवर येतो, काम येत नाही

परभणीत एका सरकारी कार्यालयात मी लिपिक आहे. दोन्ही डोळ्यांनी दिसत नाही. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानं आरक्षण 3 टक्क्यांचं 4 टक्के केलं, त्यातला 1 टक्का अंध आणि अल्पदृष्टी असणाऱ्यांचा. त्यातूनच मी लागले.

ऑफिसात मला कुणी वाकडं बोलत नाही, हे आधी सांगते. चहा हातात आणून देतात. पण फाइल मागितली की, "मॅडम, तुम्ही कामून तरास घेता? आम्ही करायलोत की!" मायेनंच म्हणतात, आणि त्या मायेत माझं टेबल रिकामं राहतं. बारनिशी, म्हणजे आवक-जावक पत्रांची नोंद, एकाकडं; नस्त्या, म्हणजे फाइली, दुसऱ्याकडं. ज्याच्या हातून टिपणीच जात नाही, त्याचा गोपनीय अहवाल, म्हणजे वर्षभराच्या कामावरचा शेरा, साहेब कशावर लिहिणार?

काम जमत नाही असं नाही. संगणकावर मी एनव्हीडीए वापरते. ऑस्ट्रेलियातल्या एका अंध तरुणानं 2006 मध्ये सुरू केलेलं, फुकट मिळणारं सॉफ्टवेअर. पडद्यावरची मराठी ते वाचून दाखवतं, फक्त मजकूर युनिकोडमध्ये पाहिजे. कृतिदेव या जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये टाइप केलेलं पत्र उघडलं की कानात नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. त्याहून वाईट म्हणजे सही-शिक्क्याच्या पत्राचा मोबाइलवर काढून ग्रुपवर टाकलेला फोटो. बैठक किती वाजता, माहिती कधीपर्यंत द्यायची, सगळं त्या फोटोत. मला ऐकू येतं फक्त "फोटो".

सरकारी कार्यालयानं अशा कर्मचाऱ्याला लागणारी सोय करून द्यावी, असं त्याच 2016 च्या कायद्याचं कलम 20 सांगतं. तक्रार निवारण अधिकारी नेमा, असं कलम 23. आमच्याकडं तो अधिकारी कोण, हे मी लेखी विचारलंय. उत्तर आलेलं नाही.

मध्यंतरी बदलून आलेल्या एका अव्वल कारकुनांनी पहिल्याच आठवड्यात विचारलं, "ताई, पत्र कसं दिलं म्हणजे तुम्हाला वाचता येईल?" इतक्या वर्षांत हे कुणी विचारलंच नव्हतं. आता प्रिंट काढायच्या आधी ते मूळ वर्ड फाइल मला मेल करतात. एक रुपया खर्च नाही.

त्यांनीच साहेबांशी बोलून दोन विषयांच्या नस्त्या माझ्या नावावर करून घेतल्या. आता सेलूहून, पाथरीहून फोन थेट मला येतात. "मॅडम, आमचं कामून अडकवलं?" म्हणून लोक तावातावानं भांडतात. मी फाइल उघडते आणि कुठल्या कागदावाचून अडलंय ते त्यांना सांगते.