लाखोळीचा निळा

२५ जानेवारी

आज सुट्टी म्हणून गावी आले. सकाळी बाबांसोबत तलावाच्या पाळीवर जाऊन बसले. खालच्या बांध्यांमध्ये, म्हणजे धानाच्या वावरांत, लाखोळी फुललीय, लाखेच्या डाळीचं पीक. धान उभा असतानाच त्यात पेरून दिलेली, धान निघाला आणि ही वर आली. तिच्या फुलाचा निळा सकाळी आठला एक असतो, नऊला दुसरा. दव आहे तोवर राखट, जमिनीकडे ओढलेला. दव उडालं की उजळतो. बाबा बराच वेळ तिकडेच पाहत होते. मग म्हणाले, "काय वो बाई, तुह्या त्या गॅलरीत लोकं पाहतेत तरी काय? असंच वावर, असाच तलाव?"

मी हो म्हटलं.

"मंग इथंच येऊन पाहा म्हणा ना."

तेव्हा काही सुचलं नाही. आता ओसरीत बसून लिहितेय.

नागपुरात त्या गॅलरीत नोकरी लागली तेव्हा मला चित्रातलं फारसं कळत नव्हतं. शाळेत एलिमेंट्री, इंटरमिजिएट दिलेली, तेवढंच. पण चित्रकार सय्यद हैदर रझा हे नाव तिथं पहिल्याच आठवड्यात कानावर आलं. मध्य प्रदेशातल्या मंडला जिल्ह्यातल्या जंगलाच्या मुलखात वाढलेला माणूस, १९३९ ते १९४३ नागपूरच्या कलाशाळेत शिकला, पुढे मुंबई, १९५० मध्ये फ्रान्स. सुरुवातीला गावं, घरं, झाडं काढायचे. नंतर झाडं-घरं दिसेनाशी झाली, रंग तेवढे राहिले. त्यांच्या 'ला तेर' म्हणजे 'धरती' या चित्रमालिकेतलं एक चित्र मी एका जुन्या कॅटलॉगमध्ये पाहिलं: गच्च काळोख आणि त्यात पेटलेला लाल-पिवळा. पाहताक्षणी मला आमची मोहाची झाडं आठवली. फुलं वेचायला सोपं जावं म्हणून चैत्राच्या सुमारास झाडाखालचा पाला जाळतात, रात्री रानात जागोजागी त्या आगीच्या रेघा दिसतात. त्यांनी हे काढलं असेल असं मला म्हणायचं नाही. पण ती रात्र मी पंधरा वर्षं पाहिली होती आणि ती सुंदर आहे हे मला त्या कागदानं सांगितलं. बाबांना हे सांगायला हवं होतं.

उलटंही होतं. इथलं पाहिलेलं तिथं कामी येतं. आमच्या ओसरीत उन्हाळ्यात ऊन उंबऱ्यालाही लागत नाही, आणि पुसापासून पार धान्याच्या कोठीपर्यंत येतं. आजी त्यावरूनच वाळवणाची जागा ठरवायची. गॅलरीच्या मोठ्या खोलीला दक्षिणेकडे खिडकी आहे. मे महिन्यात तिथं जलरंगांचं प्रदर्शन झालं, काही अडचण आली नाही. डिसेंबरात पुन्हा त्याच भिंतीवर जलरंग लावायचं ठरलं, तेव्हा मी म्हटलं, इथं दुपारी ऊन येईल. कुणाला पटेना. तीन वाजता उन्हाचा पट्टा बरोबर दुसऱ्या फ्रेमवर चढला. लक्स हे उजेडाचं माप; कागदावरच्या कामाला साधारण ५० लक्स उजेड पुरे म्हणतात. लक्समीटर धरला तर काटा कुठल्या कुठे गेला. उडालेला रंग परत येत नाही. त्याच संध्याकाळी आम्ही सगळी चित्रं उत्तरेच्या भिंतीवर हलवली.

कूलरचं मात्र मला उशिरा कळलं, आणि ते अजून टोचतं. आपल्याकडे पंचेचाळीस अंशांत कूलर लागतोच. पण त्याची ओली हवा कागद पितो. एका वयस्कर चित्रकाराचं नदीचं चित्र काचेमागे मधोमध फुगलं. मी रोज त्याच्यासमोरून जात होते. खसचा ओला वास येत होता आणि मला तो आवडत होता. चित्र सोडवून, दाबाखाली ठेवून बरंचसं सरळ झालं, तरी डाव्या काठाच्या झाडीत एक लाट राहिलीच. चित्रकार काही बोलले नाहीत. त्यांनी ते चित्र फक्त तिरपं धरून उजेडात पाहिलं, बराच वेळ.

पुढच्या महिन्यात याच भागातल्या तलावांची चित्रं लागणार आहेत. गोंड राजांच्या काळापासून कोहळी लोकांनी बांधलेले हे तलाव, नंतर मालगुजारांच्या, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांच्या, नावावरून मालगुजारी तलाव म्हणून ओळखले गेले. बाबांना यायचंय का विचारलं. "पाळ बरोबर काढली असंन तं येतो," म्हणाले.

सकाळची सहाची एसटी आहे. त्याआधी अंधारात का होईना, एकदा बांधीवर जाऊन येईन.