जॉब कार्डावरच्या चार ओळी

काकांनी माझ्यापुढे ठेवलेल्या शोरूमच्या जॉब कार्डावर चार तक्रारी होत्या. चालत्या गाडीत ‘की नॉट डिटेक्टेड’ असा मेसेज येतो. शहराबाहेर पडलं की रेडिओ खरखरतो. सीट आणि आरसे आपोआप हलतात. पुढच्या स्पीकरचा आवाज कमी येतो. प्रत्येक ओळीपुढे वेगळ्या माणसाचा शेरा. चावीचा सेल बदलला. छतावरचा अँटेना बदलला, त्याचे ४,५०० लावले. सीटपुढे ‘नो फॉल्ट फाउंड’, स्पीकरपुढे ‘नॉर्मल’. आणि तळाशी, मेसेज पुन्हा आला तर बॉडी कंट्रोल मॉड्यूल, म्हणजे दारं-दिवे-चावी सांभाळणारा गाडीतला कॉम्प्युटर, बदलावं लागेल, अंदाजे ३८,०००.

मी आधी बरीच वर्षं कंपनीच्या वर्कशॉपमध्येच काढली, त्यामुळे हे कार्ड कसं भरलं जातं ते मला माहीत आहे. गिऱ्हाईक बोलत असतं, समोरचा मुलगा टाइप करत असतो. एकेक तक्रार एकेका ओळीत बसवायची, ओळीला कामाचा कोड द्यायचा, कोडाला मिनिटं ठरलेली. गिऱ्हाईक सांगतं एक हकीकत, कार्डावर तिचे चार तुकडे पडतात आणि चार जणांकडे जातात. ऐकून घेण्याच्या कामाला कोडही नाही आणि मिनिटंही नाहीत.

आता इंदूरच्या नवलख्याला माझं स्वतःचं छोटं गॅरेज आहे, फक्त गाड्यांच्या इलेक्ट्रिकचं. काका लोकमान्य नगरचे, निवृत्त. गाडी घरात दोघं चालवतात, ते आणि त्यांची सून. मुलगा बाहेरगावी नोकरीला. काका-काकू महिन्यातून एखाद्या वेळी ओंकारेश्वरला जातात आणि त्या मेसेजने दोघांची झोप उडाली होती. वाटेत भेरूघाट लागतो. “भेरूघाटात इंजिन बंद पडलं तर काय करू रे मी?” काका म्हणाले.

ही भीती आधी काढावी लागली. चालू इंजिन चावी हरवली म्हणून गाडी बंद करत नाही. चावी खिडकीतून बाहेर फेकली तरी गाडी टिंगटिंग करत चालत राहील, बंद केल्यावर पुन्हा सुरू होणार नाही इतकंच. चावीचा सेल संपला तरी चावीच तशीच सुरू करायच्या बटणाला टेकवली की बहुतेक गाड्या सुरू होतात, कारण आतल्या चिपला सेल लागत नाही. हे गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं असतं. पुस्तक ग्लोव्ह बॉक्समध्ये, प्लास्टिकच्या पिशवीत, तसंच्या तसं. एकूणच लोक पिवळ्या मेसेजला घाबरतात आणि लाल दिव्याकडे बघत नाहीत. ऑइलचा लाल दिवा पेटलेली गाडी घेऊन एक जण देवासहून माझ्याकडे आला होता. का, तर गाडी चालत होती.

माझ्याकडे कामाला असलेल्या मुलाने तोवर गाडीतले बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर लावला होता. “कोड तो आ नी रिया, भिया.” येणार कसा? गाडीच्या दृष्टीने काही मोडलेलंच नव्हतं. बिनचावीची गाडी म्हणतात तिचं काम असं चालतं: गाडीत ठिकठिकाणी छोटे अँटेना असतात, ते साधारण १२५ किलोहर्ट्झवर हाक मारतात. ही हाक मुद्दामच मीटर-दोन मीटरच्या पलीकडे जात नाही. चावीतली कॉइल ती ऐकते आणि ४३३ मेगाहर्ट्झच्या आसपास उत्तर देते. उत्तर आलं नाही की गाडी लिहिते, चावी सापडली नाही. का सापडली नाही हे तिला ठाऊक नसतं आणि ती तसा दावाही करत नाही. दावा करणारी माणसं. मेसेजमध्ये ‘की’ हा शब्द दिसला की सेल बदला, सेलने भागलं नाही की मॉड्यूल बदला. पिवळ्या अक्षरांतली एक तक्रार वाचून ३८,००० चा निवाडा करायचा, याचा मला अजूनही राग येतो.

कार्ड बाजूला ठेवून मी काकांना पहिल्यापासून सांगायला लावलं. काकांची हकीकत कार्डासारखीच होती, कारण शोरूममध्ये तीच बऱ्याचदा सांगून पाठ झाली होती. काकूंचं म्हणणं मात्र वेगळं होतं. “गावात सगळं नीट असतं. आणि आधी रेडिओ बिघडतो, मग ते टिंग वाजतं. दोन्ही बरोबरच जातात बघ.” काका म्हणाले, त्याचा याच्याशी काय संबंध? शोरूममध्येही कुणी तरी हेच म्हणालं असणार.

गावात नीट आणि बाहेर बिघडतं, म्हणजे सिग्नल कमी, म्हणजे अँटेना, असा सरळ हिशोब लावून त्यांनी अँटेना बदलला. मला विचारायचं होतं ते दुसरंच. गावाबाहेर पडल्यावर तुम्ही असं काय करता, जे गावात करत नाही?

फोन चार्जिंगला लावतात. ओंकारेश्वरच्या रस्त्यावर काकांना नकाशा सुरू लागतो. रस्ता त्यांना तोंडपाठ आहे, पण मुलाने लावून दिलाय. गाडीच्या स्वतःच्या यूएसबीला लावला तर नकाशा सुरू असताना फोन भरण्याऐवजी उतरतो; तसल्या जुन्या पद्धतीच्या सॉकेटमधून अर्धा अँपिअर मिळाला तरी पुष्कळ. म्हणून काकांनी जेल रोडवरून १५० रुपयांचा चार्जर आणलेला. तीन फोन लागतात, भोवती निळं कडं पेटतं, वर बॅटरीचे व्होल्टही दिसतात. तो जिथे बसतो त्या सॉकेटला खेटून पाण्याची बाटली ठेवायचा खळगा, आणि काका गाडीत बसले की चावी त्या खळग्यात टाकतात. सून चावी पर्समध्ये ठेवते, पर्स शेजारच्या सीटवर.

इथवर सगळा अंदाज होता. माझ्या ड्रॉवरमध्ये एक जुना खिशातला ट्रान्झिस्टर आहे, तो मी काढला. मुलगा हसला. नेहमीच हसतो. त्याच्या स्कॅनरची किंमत माझ्या पहिल्या स्कूटरपेक्षा जास्त आहे. पण काही कामं ट्रान्झिस्टरच करतो. मीडियम वेव्ह, म्हणजे एएम, लावायचं, जिथे एकही स्टेशन नाही अशा जागी काटा ठेवायचा, आवाज मोठा करायचा आणि गाडीतल्या एकेका वस्तूजवळ नेऊन ऐकायचं. रेडिओतली खरखर घालवायची या ध्यासातून एडविन आर्मस्ट्राँगने एफएम उभं केलं, १९३३ साली त्याची पेटंटं मिळवली. मला मात्र खरखर ऐकायचीच असते, म्हणून एएम. जिथे म्हणून करंट झटपट चालू-बंद होतो, तिथला गोंगाट ते इमानाने ऐकवतं. विजेवरच्या काही गाड्यांतून कंपन्यांनी एएम काढून टाकलं ते याच गोंगाटामुळे. शिवाय ट्रान्झिस्टरमध्ये फेराइटची कांडी असते, तोच त्याचा अँटेना, आणि तिला दिशा कळते. ट्रान्झिस्टर गोल फिरवला की एका कोनात आवाज बसतो, एका कोनात उसळतो.

इंजिन बंद ठेवून नुसतं इग्निशन चालू केलं. डॅशबोर्डजवळ नेहमीची भुणभुण. पंख्याजवळ थोडी जास्त. चार्जर बसवला, निळं कडं पेटलं, भुणभुण जराशी वाढली. मग काकांचा फोन चार्जरला जोडला आणि ट्रान्झिस्टरने अशी किंचाळी मारली की शेजारच्या टायरवाल्याने मान वर केली. हा फरक महत्त्वाचा. रिकामा चार्जर अर्धवट झोपलेला असतो. फोन जोडला की बाराचे पाच व्होल्ट करायला तो सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद होतो. शोरूममध्ये ट्रायल घेणाऱ्याने काकांचा फोन चार्जरला लावला असण्याचं कारणच नव्हतं.

चावी खळग्यात ठेवली. थोड्या वेळाने टिंग, ‘की नॉट डिटेक्टेड’. चावी खिशात घेतली, मेसेज नाही. पुन्हा खळग्यात ठेवून फोनची वायर काढली, मेसेज नाही. काका माझ्या हातातून वायर घेऊन स्वतः लावू-काढू लागले.

रेडिओचं गॅरेजमध्ये सिद्ध होत नव्हतं. शहरात ट्रान्समीटर जवळ, सिग्नल तगडा, आणि एफएमचा स्वभावच असा की दोघांत जो तगडा तोच ऐकू येतो. आकाशवाणीचं १९५५ सालचं इंदूर केंद्र, म्हणजे आमचं मालवा हाऊस, किंवा २००१ मध्ये आलेलं खासगी एफएम, नवलख्याला काहीही लावा, घुमतं. म्हणून चौघं खंडवा रोडने निघालो. तेजाजी नगर मागे पडलं, सिमरोलच्या अलीकडे काकूंचं आवडतं स्टेशन जरा जरा विरायला लागलं, तिथे गाडी बाजूला घेतली. ट्रकांची ये-जा होती, ती थांबायची वाट पाहिली. चार्जर काढलेला: गाणं बारीक, पण शब्द न् शब्द कळतोय. चार्जर लावून फोन जोडला: नुसता सूं आवाज, मध्येच एखादा सूर. काढला: गाणं परत. काकू मागच्या सीटवरून म्हणाल्या, “मी सांगत नव्हते?” आणि त्या खरंच सांगत होत्या. कार्डावर त्यांच्या वाक्याला ओळ नव्हती.

गॅरेजमध्ये येऊन चार्जर फोडला. आत एक चिमुकला आयसी, म्हणजे चिप, एक कॉइल, दोन कॅपॅसिटर. १२ व्होल्टच्या बाजूला गोंगाट अडवणारी फिल्टर नावाची वस्तू नाही, कॉइलवर झाकण नाही. सगळा घाण करंट सॉकेटच्या वायरमध्ये आणि फोनच्या वायरीत मोकळा सोडलेला, आणि एवढी लांब वायर म्हणजे आयता अँटेनाच. खर्च केलेला निळ्या कड्यावर.

उरल्या सीट, आरसे आणि स्पीकर. या तिन्हींचा चार्जरशी काहीच संबंध नव्हता आणि खरं सांगायचं तर माझ्या डोक्यातून अजून जात नाही तो हाच भाग.

या गाडीत प्रत्येक चावी स्वतःचा माणूस ओळखते. ज्या चावीने दार उघडलं त्या माणसाची सीट, आरसे, रेडिओची स्टेशनं, आवाज पुढे की मागे, एसी किती, सगळं त्या चावीप्रमाणे लागतं. काका दार उघडत तेव्हा सीट सरसर पुढे येई, गुडघे स्टिअरिंगला टेकत. स्टेशनं भलतीच. आवाज सगळा मागच्या स्पीकरकडे, कारण नात मागे बसते आणि तिला गाणी लागतात. स्पीकर अगदी ठणठणीत होता. मी दोन्ही चाव्या मागवल्या आणि आळीपाळीने दार उघडून पाहिलं. गणपतीच्या किचेनची, म्हणजे काकांची चावी, सुनेची सीट लावत होती. गोंड्याच्या किचेनची चावी काकांची. चाव्या दिसायला हुबेहूब सारख्या, आणि किचेनांची अदलाबदल झालेली. मी किचेन बदलून लावली. झालं.

प्रश्न असा पडला की सुनेने कधी तक्रार कशी केली नाही? तिला फोन लावला. ती म्हणाली, “दादा, मला वाटायचं बाबा दुपारी गाडी काढतात. त्यांना पाय लांब करायला लागतात, म्हणून सीट मागे करत असतील. त्यांना काय बोलायचं? मी माझी नीट करून घ्यायचे.” पण या गाडीत सेटचं बटण दाबून धरल्याशिवाय नवी जागा लक्षात राहत नाही, त्यामुळे रोज सकाळी तिला तेच करावं लागे. इकडे काकांची समजूत, सुनेने काहीतरी ऑटोमॅटिक लावून ठेवलंय, तिला ते कळतं, आपण कशाला विचारा. शोरूमला जाऊन आले, पण जेवायच्या टेबलावर हा विषय निघाला नाही. सहा-आठ महिने दोघं एकाच घरात, रोज एकमेकांची सीट सरकवत होती आणि एकमेकांचा मान राखत होती.

आणि गाडी बनवणाऱ्यांना काय अवघड होतं? दार उघडल्यावर स्क्रीनवर कंपनीचं चिन्ह फिरवता, त्याऐवजी ‘चावी २’ एवढं लिहा. या गाडीत ते शोधायला सेटिंगमध्ये तीन पायऱ्या आत जावं लागतं. मी दोन्ही चाव्यांना वेगळ्या रंगाची टेप लावून दिली.

किचेन कुणी बदलली यावर एकमत नाही. नातीने ती दप्तराला लावायला काढली होती असं काकूंना आठवतं. काकांच्या मते हे शोरूमचंच काम. मला विचाराल तर नातच, पण मी बोललो नाही.

बिलावर काका अडले. “बदललंस काय?” काहीच नाही, म्हटलं. “मग तीनशे कसले?” शोरूमने अँटेना बदलून ४,५०० घेतले ते त्यांनी न बोलता दिले होते, कारण हातात जुना अँटेना मिळाला. वस्तू बदलली की पैसे सुटतात, डोकं चालवलं की घासाघीस. शेवटी मी फोडलेला चार्जर पिशवीत घालून दिला, तेव्हा पैसे निघाले. फोनसाठी चांगल्या कंपनीचा चार्जर सांगितला, आणि तोही घ्यायच्या आधी इथे आणून ट्रान्झिस्टरला ऐकवायचा असं बजावलं.

गेल्या आठवड्यात काकांचा फोन आला, भेरूघाटातून, गाडी बाजूला लावून. मेसेज नाही, सीट जागेवर, पण रेडिओ पुन्हा गेलाय. मी सांगितलं, तो डोंगर आहे काका. एफएम जवळजवळ सरळ रेषेत जातं, तुम्ही घाटाच्या आड गेलात की इंदूरचा टॉवर गाडीला दिसत नाही. कोणत्याही गाडीत असंच होईल, हे नॉर्मल आहे.

“नॉर्मल तर ते पण म्हणाले होते,” काका म्हणाले.

यावर काय बोलावं ते मला सुचेना. मागून काकूंचा आवाज आला, त्याला म्हणावं, एकदा बरोबर येऊन ऐक. येत्या रविवारी जातोय, ट्रान्झिस्टर घेऊन.