खाली पडलेला जिंकतो तेव्हा

“अरे, तो खालचा हरतोय ना? मग पंच लढत थांबवत का नाहीत?” मिक्स्ड मार्शल आर्ट्सची (एमएमए, म्हणजे ठोसे, लाथा आणि पकडी सगळेच चालणारी) लढत पहिल्यांदाच पाहणाऱ्या माझ्या ताईने हा प्रश्न विचारला, तेव्हा पडद्यावर एक जण पाठीवर पडला होता आणि दुसरा त्याच्या दोन्ही पायांच्या मधोमध गुडघ्यांवर बसून वरून ठोसे मारण्याच्या खटपटीत होता. मी तिला म्हटले, “ताई, चेहऱ्यांकडे बघू नकोस, खालच्याच्या पायांकडे बघ.” तिने पाहिले, पण तोवर उशीर झाला होता. खालच्याचा एक पाय वरच्याच्या खांद्यावरून मानेमागे गेला, दुसऱ्या पायाच्या गुडघ्यामागे त्याचा घोटा अडकला, आणि वरच्याचा स्वतःचाच खांदा त्याच्या मानेत रुतू लागला. काही क्षणांत वरच्याने हाताने टपटप थापा मारून हार कबूल केली. “हे कधी झालं?” ताईने विचारले. मग पुनर्दर्शन आले, तोच डाव संथ गतीने दिसला, समालोचकाने घोट्याची पकड कशी बसली ते सांगितले, आणि ताई खुर्चीत पुढे सरकून बसली.

दूरचित्रवाणीवर दिसणारा हा खेळ नवे प्रेक्षक कसे मिळवतो, या प्रश्नाचे उत्तर बहुतेक लोक ‘हिंसेचे आकर्षण’ या दोन शब्दांत देऊन मोकळे होतात. मला ते उत्तर अपुरे वाटते. रक्त आणि नॉकआउट पाहून माणूस क्षणभर थबकतो, हे खरे आहे. पण पुढच्या आठवड्यात तो पुन्हा पडद्यासमोर येतो तो पडद्यावर काय चालले आहे हे आपल्याला कळू लागले आहे, अशी जाणीव झाल्यामुळे. या खेळाचा दूरचित्रवाणीवरचा इतिहास मला तरी या एकाच कसोटीवर नीट उलगडता येतो.

यूएफसी या एमएमएच्या लढती भरवणाऱ्या संस्थेचा पहिला कार्यक्रम १२ नोव्हेंबर १९९३ रोजी अमेरिकेतील डेन्व्हर येथे झाला आणि पैसे भरून घरी पाहण्याच्या ‘पे-पर-व्ह्यू’ पद्धतीने तो दाखवला गेला. वजनगट नव्हते आणि गुण देणारे परीक्षकही नव्हते. पहिल्याच लढतीत डच किकबॉक्सर जेरार्ड गोर्डो याच्या लाथेने टीला टुली या अवाढव्य सुमो मल्लाचा दात उडाला आणि अर्ध्या मिनिटाच्या आत सारे आटोपले. कुतूहलाने पैसे भरलेल्या प्रेक्षकाला हेच अपेक्षित असणार. पण त्या रात्री जिंकला तो पांढऱ्या गीमधला, म्हणजे ज्युडोत घालतात तशा जाड सुती पोशाखातला, अंगाने साधारणच दिसणारा ब्राझीलचा रॉइस ग्रेसी, आणि त्याने तिन्ही प्रतिस्पर्ध्यांना जमिनीवर नेऊन शरण आणले. पाहणाऱ्यांपैकी फार थोड्यांना तो नेमके काय करतो आहे हे समजले असेल. मात्र आपल्याला काहीतरी समजलेले नाही, हे पुष्कळांना समजले, आणि ती चुटपुट लागणे हीच पुढच्या ओढीची सुरुवात होती.

त्या ओढीला दूरचित्रवाणीच्या घड्याळाने लवकरच दगा दिला. डिसेंबर १९९४ मध्ये टल्सा येथे झालेल्या चौथ्या कार्यक्रमाच्या अंतिम लढतीत डॅन सेव्हर्न हा ग्रेसीपेक्षा कितीतरी वजनदार कुस्तीगीर सुमारे पंधरा मिनिटे त्याच्यावर पसरून होता. ग्रेसी खाली दाबला गेला होता, पण स्वस्थ नव्हता. तो पायांसाठी थोडी थोडी जागा करत होता, आणि अखेर ताईने पाहिला तोच पायांचा त्रिकोणी फास टाकून त्याने सेव्हर्नला शरण आणले. घरी बसलेल्या अनेकांना मात्र हा शेवट दिसलाच नाही, कारण प्रक्षेपणासाठी ठरवलेली वेळ संपली आणि चित्रच गेले. पुढच्या कार्यक्रमापासून लढतींना वेळेची मर्यादा आली. आज पाच पाच मिनिटांच्या तीन फेऱ्या आणि विजेतेपदासाठी पाच, ही चौकट आपल्याला खेळाचा स्वभावच वाटते. तिच्या मुळाशी मल्लांच्या दमाइतकाच प्रक्षेपणाच्या वेळापत्रकाचाही हिशेब आहे.

मधली वर्षे वाईट गेली. सिनेटर जॉन मॅकेन यांनी या खेळाला ‘माणसांची कोंबडझुंज’ म्हटले आणि तो बंद करावा म्हणून राज्यांच्या गव्हर्नरांना पत्रे लिहिली. केबल कंपन्यांनी एकामागून एक दारे लावून घेतली. खेळ पडद्यावरून जवळपास पुसला गेला. मग न्यू जर्सीतील नियामक मंडळाच्या पुढाकाराने वजनगट, फेऱ्या, गुणपद्धती आणि निषिद्ध प्रहारांची यादी असलेले एकसंध नियम आले. या नियमांचे श्रेय सहसा लढवय्यांच्या सुरक्षिततेला दिले जाते, आणि ते योग्यच आहे. पण त्यांनी प्रेक्षकाचीही सोय केली. फेरी कधी संपणार, कोणी कोणाशी लढायचे, न हरता आणि न हरवता लढत संपली तर काय, हे ठाऊक असल्याशिवाय अनोळखी खेळात मन रमत नाही. जानेवारी २००१ मध्ये फर्टिटा बंधू या कॅसिनोमालकांनी यूएफसी २० लाख डॉलरला विकत घेतली आणि डेना व्हाइट यांच्या हाती कारभार दिला, तरीही तोटा थांबेना. नियम आले होते. ते लोकांना दिसणार कुठे, हा प्रश्न उरलाच होता.

त्याचे उत्तर मिळाले ते १७ जानेवारी २००५ रोजी ‘स्पाइक टीव्ही’ या वाहिनीवर. ‘द अल्टिमेट फायटर’ नावाच्या या मालिकेत सोळा लढवय्ये एका घरात राहायचे, दोन गटांत सराव करायचे आणि एकेक करून बाद व्हायचे. वाहिनी पैसे घालायला तयार नव्हती, म्हणून निर्मितीचा खर्च फर्टिटा बंधूंनीच सोसला. मालिका व्यावसायिक कुस्तीच्या लोकप्रिय कार्यक्रमानंतर लगेच दाखवली जाई, म्हणजे आखाड्याकडे तोंड करून बसलेला प्रेक्षक आयताच समोर होता. ९ एप्रिल २००५ रोजी लास व्हेगासमध्ये तिची अंतिम फेरी झाली आणि फॉरेस्ट ग्रिफिन व स्टीफन बोनर हे पंधरा मिनिटे एकमेकांवर तुटून पडले. निर्णय ग्रिफिनच्या बाजूने गेला, पण यूएफसीचा करार दोघांनाही मिळाला. या एका लढतीने खेळ वाचवला, असे त्यानंतर इतक्या वेळा सांगितले गेले आहे की ती आता दंतकथाच झाली आहे.

मला या दंतकथेत थोडी भर घालावीशी वाटते. ती लढत तांत्रिकदृष्ट्या काही फार उच्च दर्जाची नव्हती. दोघांचेही हात खाली पडत होते, आणि बचावापेक्षा हट्टावरच सगळी भिस्त होती. पण त्यामुळेच ती कोणालाही वाचता येत होती. दोन माणसे उभी आहेत, दमली आहेत आणि मागे हटत नाहीत. यात समजावून सांगण्यासारखे काय आहे? त्याच रात्री, या लढती ज्यात होतात त्या जाळीच्या कुंपणाच्या त्याच पिंजऱ्यात, मालिकेच्या दुसऱ्या वजनगटाच्या अंतिम लढतीत डिएगो सँचेझने केनी फ्लोरियनला खाली पाडून वरून ठोसे मारत पहिल्याच फेरीत संपवले, आणि ती लढत आज जाणकारांखेरीज कोणाच्या लक्षात नाही. मात्र ग्रिफिन आणि बोनर यांच्यासाठी लोक जागेवरून उठले, त्यामागे आधीच्या आठवड्यांची मशागत होती. कोण सरावात रडला, कोणी वजन उतरवताना किती हाल सोसले, कोणाची कपाळावरची जखम उघडली, हे सगळे प्रेक्षकाने पाहिले होते, आणि त्या ओघात पकडी, डाव, ‘टॅप’ (थाप मारून हार कबूल करणे) हे शब्दही नकळत त्याच्या कानावरून गेले होते.

नुसता माणूस ओळखीचा असून भागत नाही, याचा दाखला पुढे तीनच वर्षांत मिळाला. परसातल्या मारामाऱ्यांच्या चित्रफितींमुळे इंटरनेटवर गाजलेल्या किम्बो स्लाइसला पुढे करून ‘एलिट एक्ससी’ या संस्थेने ३१ मे २००८ रोजी सीबीएस या मोठ्या राष्ट्रीय वाहिनीवर ऐन गर्दीच्या वेळी कार्यक्रम केला. तेथे एमएमए पहिल्यांदाच पोहोचले होते आणि प्रेक्षकही भरपूर लाभले. ऑक्टोबरमध्ये तोच किम्बो, ऐनवेळी बदली म्हणून उभ्या केलेल्या सेथ पेट्रुझेलीसमोर १४ सेकंदांत कोसळला, आणि संस्थाही त्याच महिन्यात गुंडाळली गेली. लोक खेळाशी जोडले गेलेच नव्हते; ते एका दाढीवाल्या, धिप्पाड माणसाशी जोडले गेले होते, आणि तो पडल्यावर त्यांना पाहण्यासारखे काही उरले नाही.

पण मला सर्वांत जास्त विचारात पाडणारी रात्र आहे ती १२ नोव्हेंबर २०११ची, म्हणजे डेन्व्हरच्या त्या पहिल्या कार्यक्रमाला बरोबर अठरा वर्षे झाली तो दिवस. यूएफसीने फॉक्स या अमेरिकी वाहिनीशी सात वर्षांचा करार केला होता, आणि विनामूल्य दिसणाऱ्या राष्ट्रीय वाहिनीवर हेवीवेट विजेतेपदाची लढत ठेवली होती: केन व्हेलास्केझ आणि ज्युनियर डोस सांतोस. तासाभराचा कार्यक्रम. परिचयाच्या चित्रफिती झाल्या, तज्ज्ञ बोलले, मल्ल पिंजऱ्यात आले, डोस सांतोसचा उजवा हात व्हेलास्केझच्या कानामागे बसला आणि ६४ सेकंदांत लढत संपली. सरासरी ५७ लाख लोकांनी हे पाहिले. आयोजकाला स्वप्नात दिसावा असा नॉकआउट होता, आणि तरी मला तो संधी हुकल्यासारखा वाटतो. जो प्रेक्षक पहिल्यांदा आला होता, त्याने एक ठोसा पाहिला. ठोसा त्याला मुष्टियुद्धातही पाहायला मिळाला असता. त्याच संध्याकाळी, त्याच पिंजऱ्यात, बेन हेंडरसन आणि क्ले ग्विडा यांनी पूर्ण तीन फेऱ्या अशी लढत दिली होती की जमिनीवरून उठणे, पुन्हा पडणे, गळ्याचा फास सुटणे, वरचा खाली आणि खालचा वर होणे, हे सगळे एकाच पाठात शिकता आले असते. ती लढत फॉक्सवर दाखवली गेली नाही. इंटरनेटवर ज्यांनी शोधून पाहिली, ते आधीपासूनच चाहते होते.

याच्या उलट उदाहरण हवे असेल तर २३ फेब्रुवारी २०१३ची अ‍ॅनाहाइम येथील लढत पाहावी. यूएफसीमधली स्त्रियांची ही पहिलीच लढत, आणि तीच त्या रात्रीची मुख्य लढत होती. रोंडा राउझी ही २००८च्या बीजिंग ऑलिम्पिकमधील ज्युडोची कांस्यपदक विजेती. तिचा ‘आर्मबार’ हा प्रतिस्पर्ध्याचा हात कोपरात उलटा ताणण्याचा डाव इतक्या वेळा दाखवला गेला होता की नवख्या प्रेक्षकालाही शेवट काय होणार हे ठाऊक होते. त्यामुळे लिझ कारमूश सुरुवातीलाच राउझीच्या पाठीवर चढली, पायांनी तिची कंबर जखडली आणि हाताने तिचा जबडा व मान पिळू लागली, तेव्हा धोका समजायला कोणाच्या मदतीची गरज पडली नाही. राउझी तशीच उभी राहिली, एकेक बोट सोडवावे तशी तिने ती पकड सोडवली आणि कारमूशला पाठीवरून खाली घसरवले. त्यानंतरची मिनिटे एका हातासाठीची ओढाताण होती: कारमूशने आपले दोन्ही हात एकमेकांत गुंफून धरले होते आणि राउझी ती गाठ सोडवू पाहत होती. फेरी संपायला अकरा सेकंद उरले असताना गाठ सुटली. ती गाठ सुटण्याची वाट पाहणारा प्रेक्षक, त्याला स्वतःला माहीत असो वा नसो, त्या क्षणी खेळाचा प्रेक्षक झालेला होता.

म्हणूनच समालोचनाला मी फार महत्त्व देतो. यूएफसीचे समालोचक जो रोगन यांच्या आवाजाचा चढा सूर सर्वांनाच रुचेल असे नाही, आणि आपल्या आवडत्या लढवय्याच्या बाजूने वाहवत जाण्याची त्यांची खोड मलाही खटकते. पण ते स्वतः जुजुत्सू या पकडींच्या युद्धकलेतले ब्लॅक बेल्ट आहेत, आणि पकड बसण्याच्या आधीच ‘आता याने तो कोपर आत ओढला तर संपले’ अशा अर्थाचे काहीतरी बोलून जातात. हे ‘आधीच’ फार मोलाचे आहे. डाव झाल्यावर नाव सांगणे कोणालाही जमते. होण्याआधी सांगितले की प्रेक्षकाला वाट पाहण्यासारखे काहीतरी मिळते. दोन फेऱ्यांमधल्या एका मिनिटात प्रशिक्षकाचे बोलणे ऐकू येते, तेही असेच उपयोगी पडते. ‘त्याला कुंपणाकडे लोट, मध्ये उभा राहू देऊ नकोस’ हे वाक्य कानावर पडल्यावर पुढची पाच मिनिटे घरचा माणूसही कुंपणाकडेच पाहत राहतो. गुणांकनाबाबत मात्र प्रक्षेपण अजूनही तोकडे पडते. परीक्षकांनी फेरी १०–९ (जिंकणाऱ्याला दहा, हरणाऱ्याला नऊ गुण) का दिली, हे अनेकदा समालोचकांनाही पटलेले नसते, आणि नवा माणूस निकालानंतर फसवले गेल्याच्या भावनेने उठतो.

पैशाचा अडसर होताच. सुरुवातीच्या लढती स्वस्तात किंवा फुकट दाखवायच्या आणि मुख्य लढतींसाठी वेगळे पैसे घ्यायचे, ही पद्धत चाहत्याला परवडत होती. कुतूहलाने डोकावणारा मनुष्य एका रात्रीसाठी सुमारे ८० डॉलर मोजत नव्हता. ऑगस्ट २०२५ मध्ये यूएफसी आणि पॅरामाउंट ही माध्यम कंपनी यांच्यात सात वर्षांसाठी ७.७ अब्ज डॉलरचा करार जाहीर झाला आणि २०२६पासून अमेरिकेत पे-पर-व्ह्यू बंद करून सगळे कार्यक्रम नेहमीच्या वर्गणीतच देण्याचे ठरले. म्हणजे दार आता उघडे आहे. पण फॉक्सवरही दार उघडेच होते.

ताईने त्या दिवशी आणखी दोन लढती पाहिल्या. दुसऱ्या लढतीत एक जण खाली पडला तेव्हा ती काही बोलली नाही, फक्त मान तिरकी करून त्याच्या पायांकडे पाहू लागली. मुख्य लढत लवकर, एका ठोशातच संपली. सभागृहात गदारोळ माजला आणि ताई जराशी हिरमुसली. उठताना तिने मुख्य लढतीतल्या विजेत्याचे नावही विचारले नाही. तिने विचारले, “पुढच्या वेळी त्या आधीच्या छोट्या लढती किती वाजता सुरू होतात?”