स्टेजवरून ओपन सोर्स सांगताना झालेला घोळ

पहिल्यांदा स्टेजवर ओपन सोर्सबद्दल, म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो आणि कोणीही सुधारणा सुचवू शकतं अशा सॉफ्टवेअरबद्दल, बोलायला उभी राहिले तेव्हा चाळीसपैकी पंचवीस मिनिटं मी इतिहासच सांगत बसले. १९८३ चा मुक्त ऑपरेटिंग सिस्टिम बनवायचा ग्नू प्रोजेक्ट, १९९१ ला लिनक्सवाल्या लिनस टोरवाल्ड्सने ‘नुसता छंद म्हणून एक ऑपरेटिंग सिस्टिम करतोय’ असं जाहीर केलं ते, मग १९९८ ला ‘ओपन सोर्स’ हे नाव कसं पडलं ते, सगळं. लोक ऐकत होते, म्हणजे मोबाईल बघत नव्हते एवढंच. शेवटी एकाने विचारलं, ताई सगळं पटलं, पण सुरुवात कुठून करायची? आणि मी घाईघाईत म्हणून गेले, काहीही छोटं करा हो, रीडमीमधली (सोबतच्या माहितीच्या फाईलमधली) एखादी चूक सुधारा, आणि मी वापरत असलेल्या एका छोट्या टूलचं पान स्क्रीनवर उघडून दाखवलं.

दोन दिवसांनी बघते तर त्या टूलवर चौदा पुल रिक्वेस्ट, म्हणजे ‘माझा हा बदल घ्या’ अशा विनंत्या. एकाने रीडमीच्या खाली स्वतःचं नाव घातलेलं, दोघांनी एकाच ओळीत वेगवेगळ्या जागी स्वल्पविराम दिलेला, एकाने तर बरोबर असलेलं स्पेलिंग चुकीचं करून ठेवलं होतं. मेंटेनर, म्हणजे ते टूल सांभाळणारा, बिचारा एकटा, नोकरी सांभाळून रात्री हे बघणारा. त्याने एका रिक्वेस्टखाली फारच सभ्यपणे विचारलं होतं, कुठे वर्कशॉप वगैरे झालंय का? मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. गंमत म्हणजे २०२० च्या हॅकटोबरफेस्टला, म्हणजे ऑक्टोबरभर चालणाऱ्या योगदानाच्या उपक्रमात, टीशर्टसाठी लोकांनी असल्याच फुटकळ रिक्वेस्टचा पूर आणला होता आणि आयोजकांना महिना सुरू असतानाच नियम बदलून, ज्या प्रोजेक्टना सहभागी व्हायचंय तेवढेच धरायचे असं करावं लागलं होतं, आणि तेव्हा ते वाचून मी हसले होते.

माफीचा मेल लिहिला. त्याने काही मनावर घेतलं नाही. पण माझ्या डोक्यात बसलं ते बसलंच, की आपण माईकवरून ‘या या, योगदान द्या’ म्हणतो तेव्हा दुसऱ्याच्या घरी पाहुणे पाठवत असतो आणि यजमानाला त्याचा पत्ताच नसतो.

पुढच्या वेळी इतिहास कापला आणि माझी नाकारलेली पुल रिक्वेस्ट दाखवली. फाईलींची यादी दाखवणारं एक टूल होतं, नाव लांब असलं की ते कापायचं, पण देवनागरी नाव आलं की मधेच तोडायचं. ‘क्षितिज’ आपल्याला तीन अक्षरं दिसतात, पण कॉम्प्युटरच्या लेखी ती सात, क, हलन्त, ष, वेलांटी असं सुटं सुटं. दोनवर कापलं तर नुसता लंगडा ‘क्’ उरतो. मी जोशात चाळीस ओळी लिहून पाठवल्या, टेस्ट (कोड नीट चालतो का ते तपासणारा कोड) एकही नाही, आधी इश्यू (प्रोजेक्टच्या पानावर अडचणीची नोंद) उघडून विचारलंही नाही. दोन ओळींचं उत्तर आलं आणि रिक्वेस्ट बंद. आठवडाभर रुसून बसले होते (खरंच). मग परत गेले, आधी विचारलं, तेव्हा कळलं की हे काम करणारी लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, त्यांच्याकडे आधीपासूनच होती, फक्त त्या जागी कोणी वापरली नव्हती. शेवटी मर्ज झाल्या, म्हणजे मूळ कोडमध्ये घेतल्या गेल्या, त्या सहा ओळी आणि टेस्ट.

हे सांगताना हॉलमध्ये पहिल्यांदा लोक पुढे सरकून बसलेले दिसले. लाईव्ह डेमो मात्र याही वेळी गंडला, टर्मिनलचा फॉन्ट मागच्या रांगेला दिसेना, असो.

‘फुकट का करायचं?’ हा प्रश्न येतोच येतो. त्यावर माझ्याकडे चकाचक उत्तर नाही, पण मी आता एक्सझेड (xz) या फाईली आवळून लहान करणाऱ्या टूलची गोष्ट सांगते. मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरला एसएसएच (दूरच्या कॉम्प्युटरवर सुरक्षितपणे शिरायची सोय) लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय असं दिसलं, तो एक्सझेडचा मेंटेनर वगैरे नव्हता, पण तो खणत गेला आणि एक्सझेडमध्ये मुद्दाम घुसवलेलं बॅकडोअर, म्हणजे चोरवाट, सापडलं. त्याने कळवलं ते नीट, पुराव्यासकट. हेही योगदानच की! आणि ते घुसवणाऱ्याने काय केलं होतं, तर दोनेक वर्षं मदतनीस बनून थकलेल्या मेंटेनरचा विश्वास कमावला होता. हे ऐकल्यावर मेंटेनरशी कसं बोलावं हे वेगळं शिकवावं लागत नाही.

तिसऱ्या वेळी मी त्याच छोट्या टूलवाल्याला आधीच विचारलं, लोक पाठवू का? त्याने तीन इश्यू दिले आणि म्हणाला, कोड नको, आधी विंडोजवर हे होतंय का तेवढं कोणीतरी बघा. पन्नासेक लोकांतून दोघींनी बघितलं. एकीने कुठल्या व्हर्जनवर होतं, कुठल्यावर नाही, काय टाईप केलं की होतं, सगळं क्रमाने लिहून दिलं. इश्यू अजून उघडाच आहे, पण खाली मेंटेनरने लिहिलंय, आता निदान मला माझ्या मशीनवर दिसतोय.