पाटा वर, गाडी खाली

मागच्या उजव्या पाट्याचा (एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगचा) बाक डाव्यापेक्षा 6 मिमी जास्त, आणि गाडी मात्र त्याच कोपऱ्यात 16 मिमी खाली. नांदगाव तिठ्याजवळच्या आमच्या गॅरेजात आलेल्या एका जुन्या मारुती जिप्सी किंगचं सगळं दुखणं या दोन आकड्यांत होतं. पाट्याला बाक जास्त असेल तर गाडी त्या बाजूला उंच दिसायला हवी. इथे उलटं. म्हणजे पाट्याच्या वर कुठेतरी काहीतरी सरकलेलं होतं.

गाडी देवगडकडच्या एका आंबा बागायतदाराची. बागेतला रस्ता म्हणजे सड्यावरचा उघडा कातळ, मध्येच जांभ्याच्या पायऱ्या, आणि पावसात चाकोऱ्या इतक्या खोल की मधला उंचवटा गाडीच्या पोटाला लागतो. काकांचं म्हणणं सरळ होतं: "मेस्त्रीनू, गाडी उजवे बाजूक बसता. आणखी एक पाटो घाला आणि चार इंच उचला." उजवीकडच्या संचात एक जादा पाटा आधीच कुणीतरी घातलेला होता. त्याने झुकणं गेलं नव्हतं, फक्त गाडी त्या बाजूला दगडासारखी आपटत होती.

जिप्सीला पुढे-मागे अखंड अ‍ॅक्सल आणि चारही बाजूंना पाटे. पाटे अ‍ॅक्सलच्या खालून जातात. पुढच्या पाट्याचं मागचं टोक चासीला, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याला, पक्कं आणि शॅकल (टोकाला सरकायला वाव देणारी डोलती जोडपट्टी) पुढच्या टोकाला. मागच्या पाट्याचं उलट, पुढचं टोक पक्कं आणि शॅकल मागे. शॅकल कुठल्या टोकाला आहे हे डोक्यात पक्कं नसेल तर पुढचा कुठलाही हिशोब चुकतो.

मापं घेताना चाकाच्या मध्यापासून वर मडगार्डच्या कडेपर्यंत टेप लावायचा, जमिनीपासून नाही. जमिनीपासून घेतलं की हवेचा आणि टायरच्या झिजेचा फरक मापात येतो. मग पाट्याच्या दोन्ही डोळ्यांच्या (टोकांच्या गोल वेटोळ्यांच्या) मध्यातून दोरी ताणायची आणि सगळे पाटे मध्यावर एकत्र धरणाऱ्या सेंटर बोल्टपाशी दोरीपासून मुख्य पाट्यापर्यंतचं अंतर मोजायचं. हा झाला वजनाखालचा बाक. ड्रायव्हर उजवीकडे बसत असल्यामुळे जुनी जिप्सी त्या बाजूला थोडी बसतेच, 5-7 मिमीला कोणी हात लावत नाही. पण बाक आणि उंची एकमेकांच्या विरुद्ध बोलू लागले की पाट्याला दोष देणं थांबवायचं.

जादा पाट्याबद्दल एक सांगायलाच हवं, कारण आमच्याकडे हा उपाय फार चालतो. पाट्याचा कडकपणा जाडीच्या घनाप्रमाणे वाढतो. 6 मिमीच्या संचात 8 मिमीचा एक पाटा घातला, तर तो एकटा 6 मिमीच्या जवळजवळ अडीच पाट्यांइतका कडक असतो. शिवाय जाड पाटा तेवढाच वाकवला तर त्याच्यावर ताण जास्त येतो, म्हणून तो आधी तुटतो. खडकात चाक खाली सोडण्यासाठी पाटा लवचीक लागतो. बारीक पाटे संख्येने जास्त, हा खरा संच. पिकअपचा जाड पाटा कापून घातलेली गाडी रिकामी असताना चाक हवेत ठेवून तीन पायांवर उभी राहते.

आता उजव्या बाजूला पाट्याच्या वर काय आहे ते बघायचं होतं. चासीवर डांबरासारख्या काळ्या कोटिंगचा जाड थर होता. बाहेरून सगळं धडधाकट. हातोडीचं टोक रेलवर, म्हणजे चासीच्या लांब पोकळ तुळईवर, मारत मागे गेलो, तर अ‍ॅक्सलपर्यंत खणखणीत आवाज आणि शॅकल जिथे चासीला टांगलेला असतो त्या हँगरपाशी एकदम बद्द. कोटिंग खरवडून स्क्रू ड्रायव्हर टेकवला आणि तळहाताने दाबला, तो मुठीपर्यंत आत गेला. बाहेर काढल्यावर भोकातून ओली लाल माती आणि गंजाचे पापुद्रे गळायला लागले. रेलचा खालचा पत्रा कागदाइतका उरलेला होता आणि हँगर त्यातून वर, रेलच्या पोटात घुसत चालला होता. कोटिंगने ते सगळं बाहेरून पिशवीसारखं धरून ठेवलेलं.

डाव्या बाजूशी ताडून पाहिलं तर हँगर 28 मिमी वर गेला होता. पाट्याचं एक टोक जेवढं वर-खाली होतं, त्याच्या निम्मा फरक अ‍ॅक्सलवर पडतो, कारण अ‍ॅक्सल साधारण मध्यावर आहे. 28 चे निम्मे 14. त्याच बाजूचा बॉडी माउंटचा (बॉडी आणि चासीच्या मधला) रबर 8 मिमीने चेपलेला. 14 आणि 8 मिळून 22. त्यातून जादा पाट्याने दिलेले 6 वजा केले की राहतात 16. हिशोब बरोबर जुळला.

गंज इथेच का, याचं उत्तर गाडीच्या आधीच्या आयुष्यात होतं. मालवणकडे असताना ती होडीचा ट्रेलर पाण्यात उतरवायला वापरली जायची, म्हणजे मागचा भाग खाऱ्या पाण्यात. आणि उजव्या रेलला नंतर वेल्ड केलेला टोइंग हुक होता. बंद पेटीसारख्या रेलवर बाहेरून वेल्डिंग केलं की आतला रंग जळतो. बाहेर रंग मारता येतो, आत कोणी मारत नाही. खाली पाणी निघायची भोकं मातीने बुजलेली. वरून कोटिंग मारल्यावर ओल आतच राहिली. कोकणात जुनी गाडी घेताना इंजिनचा आवाज ऐकण्याआधी मागच्या हँगरपाशी हातोडी मारून बघावी, असं आम्ही गिऱ्हाइकांना नेहमी सांगतो.

उचलण्याचं काम बाजूला ठेवून आधी चासी. पेट्रोलची टाकी उतरवून गॅरेजच्या बाहेर, लांब. रिकामी टाकी जास्त धोक्याची, तिच्यात वाफ भरलेली असते. बॅटरीच्या तारा आणि ईसीयूचा (इंजिनच्या कॉम्प्युटरचा) सॉकेट काढला. कापायच्या आधी चासीचे दोन्ही कर्ण मोजून लिहून ठेवले आणि दोन्ही रेलमध्ये एक लोखंडी अँगल तात्पुरता टाचून टाकला, नाहीतर कापल्यावर रेल स्वतःच्या ताणाने सरकतो आणि मागून नवा हँगर कितीही नीट बसवला तरी अ‍ॅक्सल तिरका राहतो. जिथे चासी नंबर ठोकलेला असतो त्या भागाला कटर लावायचाच नाही, ही गोष्ट मात्र पोरांना दरवेळी बजावावी लागते.

सडलेला पत्रा चकचकीत लोखंड दिसेपर्यंत कापला. गंजावर वेल्ड धरत नाही, वरवर धरल्यासारखा दिसतो. आतून माती धुऊन, वाळवून, मूळ जाडीचाच पत्रा घातला. जास्त जाड घातला तर जोडाच्या शेजारी कडक आणि मऊ यांची सीमा तयार होते आणि तडा तिथेच जातो. बाहेरून जी पट्टी बसवली तिची टोकं चौकोनी न ठेवता निमुळती कापली, आणि रेलला सरळ आडवा छेदणारा वेल्ड कुठेही घेतला नाही. मधे भोकं पाडून ती वेल्डने भरली, म्हणजे प्लग वेल्ड. वेल्डिंगच्या सळ्या 7018 नंबरच्या वापरत असाल तर त्या भट्टीत तापवूनच घ्या. आमच्या हवेत उघड्या पुड्यातली सळी दमट होते आणि जोडात बुडबुडे राहतात. शेवटी पाण्याची भोकं मोकळी केली, जोडांवर झिंक प्रायमर लावला आणि नळी आत घालून पेटीत कॅव्हिटी वॅक्स (पोकळीत मारायचं मेण) फवारला. काळं कोटिंग पुन्हा मारलं नाही. ते गंज थांबवत नाही, झाकतं.

आता उंचीचा प्रश्न. चार इंच का नको, हे काकांना पटवायला टेपच पुरला. पाट्याने गाडी उचलली की चासी आणि पोट वर जातं, पण डिफरन्शियलचा (चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरचा) गोळा अ‍ॅक्सलवरच राहतो. दगडाला आधी तोच लागतो आणि त्याला वर नेतो तो फक्त टायर. 205/70 आर15 टायरचा व्यास 668 मिमी, 215/75 आर15 चा 703.5. म्हणजे फरकाच्या निम्म्याने, पावणेअठरा मिमी, गोळा वर. स्पीडोमीटर 60 दाखवेल तेव्हा गाडी खरी 63 ने जाईल. 235/75 घातला तर गोळा 33 मिमी वर जातो, पण 1300 सीसीच्या इंजिनाला चढावर ते जाणवतं, आणि चाक वळवताना पाट्याला किंवा मडगार्डला घासतं. बागेतला रस्ता एका बाजूला उतरता आहे. अरुंद गाडी चार इंच उंच करून तिथे आडवी चालवणं मला तरी मान्य नाही. 215/75 टायर आणि 50 मिमी उचल, यावर बोलणं मिटलं.

50 मिमी आणायचे कसे? नुसत्या लांब शॅकलने आणायचे तर शॅकल 100 मिमीने लांबवावा लागेल, वर सांगितलेल्या निम्म्याच्या नियमानेच. एवढा लांब शॅकल बाजूला डोलतो. जुने पाटे लाल करून ठोकून बाक वाढवणारेही आहेत. तसा पाटा पुन्हा तेलात विझवून टेंपर केला नसेल तर त्याचा कस गेलेला असतो, आणि तो बसतो. कोल्हापूरच्या एका कमानवाल्याकडून बारीक पाट्यांचे नवे संच बनवून घेतले, चारही.

जुने शॅकल बोल्ट निघाले नाहीत, निघतीलही असं वाटलं नव्हतं. पाट्याच्या डोळ्यातल्या रबरी बुशच्या आतल्या लोखंडी नळीला बोल्ट गंजून एकजीव होतो. तापवला तर रबर जळतं. दोन्ही बाजूंनी ग्राइंडरने कापून बाहेर काढणं लवकर होतं. नव्या बोल्टला ग्राफाइट ग्रीस लावलं, पण रबराला साधं ग्रीस लावू नये, ते फुगतं. अ‍ॅक्सल सोडताना दुसऱ्या जॅकवर टेकवून ठेवायचा, ब्रेकच्या होजवर लोंबकळू द्यायचा नाही. सेंटर बोल्टचं डोकं अ‍ॅक्सलच्या पॅडमधल्या भोकात बसलंय याची बोटाने खात्री करायची. ते कडेवर राहिलं तर पाटा धरून ठेवणारे यू-बोल्ट कितीही आवळा, अ‍ॅक्सल सरकतो. यू-बोल्ट नवेच. शॅकल आणि पाट्याच्या डोळ्याचे बोल्ट मात्र गाडी चाकांवर उतरवल्यावर आवळायचे. हवेत आवळले तर बुश कायमचा पिळलेला राहतो आणि एका मोसमात फाटतो.

मग कोन. चाकांकडे ताकद नेणाऱ्या 600 मिमीच्या प्रोपेलर शाफ्टला 50 मिमी उचल म्हणजे पावणेपाच अंश जादा. शाफ्ट निम्म्या लांबीचा असेल तर जवळपास दुप्पट. मागच्या शाफ्टच्या दोन्ही टोकांच्या क्रॉसना (वाकत्या सांध्यांना) समान कोन मिळाला तर थरथर आपोआप कटते, म्हणून पिनियन (डिफरन्शियलमध्ये शिरणारा दांडा) ट्रान्सफर केसच्या, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीच्या, शाफ्टशी समांतर ठेवायचा. इथे लांब शॅकल घातलेले असते तर मागचा पिनियन वर बघू लागला असता आणि समांतरपणा गेला असता. पुढे वेगळी अडचण: शॅकल पुढच्या टोकाला असल्याने तो लांबवला की अ‍ॅक्सलचा वरचा भाग पुढे कलतो, कॅस्टर (चाक वळायच्या अक्षाचा मागे झुकलेला कोन) कमी होतो आणि स्टिअरिंग सोडलं की सरळ येत नाही. आम्ही मूळ लांबीचेच शॅकल ठेवले, तरी नव्या पाट्यांवर कॅस्टर थोडा कमी भरला. अडीच अंशांची पाचर पाटा आणि पॅडच्या मध्ये, जाड बाजू पुढे. याने कॅस्टर परत येतो पण पुढचा पिनियन खाली जातो, म्हणून त्याहून जाड पाचर घालायची नाही. ड्रॅग लिंक (स्टिअरिंगचा जोडदांडा) फिरवून स्टिअरिंग मध्यावर आणलं. ज्या गाडीला मागच्या ब्रेकचा, वजन बघून जोर ठरवणारा लोड व्हॉल्व्ह असतो तिचा दांडाही नव्या उंचीला जुळवावा लागतो; नाहीतर मागे वजनच नाही असं समजून तो मागचा ब्रेक कमी करतो.

शॉकअप विकत घेण्याआधी गाडी चिऱ्यांवर चढवली. पुढचं डावं आणि मागचं उजवं चाक, खाली चिऱ्यांची चळत आणि वर जाड फळी, कारण नुसता चिरा टायरखाली कडेने फुटतो. अशा तिरक्या अवस्थेत एका बाजूचा पाटा पूर्ण दाबलेला आणि दुसऱ्याचा पूर्ण सुटलेला मिळतो. दोन्ही मापं तिथे घ्यायची, गाडीखाली न शिरता. दाबलेल्या बाजूला बंप स्टॉप (रबरी अडकण) टेकल्यावरही शॉकअपमध्ये 20 मिमी शिल्लक हवेत. सुटलेल्या बाजूला शॉकअप ताणला जायच्या आत पाटा थांबला पाहिजे, नाहीतर शॉकअपची कडी तुटते. मागची मधली ब्रेक होज तारेसारखी ताठ झालेली दिसली, ती लांब घातली. प्रोपेलर शाफ्टच्या सरकत्या तोंडावर आधी खडूने खूण केली होती. सुटलेल्या बाजूला किती दाते अडकलेले उरतात ते त्यावरून कळलं, पुरेसे होते.

कागदाचंही काकांना सांगितलं. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 नोंदणीतला तपशील कंपनीने मुळात दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मान्य करत नाही, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच धरलं. बागेत कोणी विचारत नाही, पण मुंबई-गोवा हायवेवर किंवा विम्याच्या दाव्याच्या वेळी विचारतात.

यू-बोल्ट शंभर किलोमीटरला एकदा आणि पाचशेला पुन्हा आवळले. पाचशेला मापं घेतली तेव्हा नवे पाटे 6 मिमी बसले होते आणि उजव्या-डाव्या बाजूत 4 मिमीचा फरक उरला होता. डाव्या रेलच्या हँगरपाशी हातोडीचा आवाज अजून खणखणीत आहे, पण त्याच्या मागे वितभर अंतरावर तो किंचित बसका लागतो. तिथलं कोटिंग खरवडून, पत्रा मोजून ठेवला आहे. पावसाळा संपल्यावर पुन्हा मोजायचा, आणि तोवर मागे ट्रेलर लावायचा नाही.