करोनानंतर सोपं झालं का? तुम्ही विचारलंत म्हणून

सोसायटीच्या हळदीकुंकवापासून ऑफिसातल्या डबा खाण्याच्या टेबलापर्यंत एक प्रश्न मला गेली काही वर्षं सारखा भेटतो. "ताई, करोनानंतर सगळं ऑनलाइन झालं. तुम्हा लोकांना तर बरंच सोपं झालं असेल ना?" विचारणाऱ्याच्या आवाजात आपुलकी असते, म्हणून मी "हो, झालं की" म्हणते आणि विषय संपतो. परवा आमच्या मजल्यावरच्या एका कॉलेजातल्या मुलीनं हेच विचारलं आणि वर "खरं सांगा हं, मावशी" अशी पुस्ती जोडली. खरं उत्तर लिफ्टमध्ये उभ्या उभ्या देण्याजोगं नाही. म्हणून लिहिते.

मी जन्मापासून अंध. राहते ठाण्यात, नौपाड्यात. नोकरी बेलापूरला, एका विमा कंपनीच्या तक्रार विभागात.

आधी जे सोपं झालं ते सांगते, उगाच रडगाणं नको. वीजबिल, गॅस, औषधं, किराणा ही कामं मी आता कुणाच्या मागे न लागता करते. फोनमधला टॉकबॅक स्क्रीनवरचं वाचून दाखवतो, कानात इयरफोन घातला की माझा हिशेब माझ्यापाशी राहतो. पूर्वी बिलाच्या रांगेत उभी राहिले की कुणीतरी दंड धरून मला थेट खिडकीशी नेऊन सोडायचं, "यांना आधी जाऊ द्या हो!" मागचे लोक चडफडायचे आणि मी न मागितलेल्या उपकाराचं ओझं घेऊन घरी यायचे. ते संपलं.

ऑफिसचंही तसंच. पावसाळ्यात तरी घरून काम करू द्या, असं मी 2020 च्या आधी विचारून पाहिलं होतं. ग्राहकांची माहिती ऑफिसबाहेर नेता येत नाही, असं एक उत्तर आलं. दुसरं, जरा मायेनं दिलेलं: "अहो, तुमच्या एकटीसाठी अख्खी सिस्टिम कशी बदलायची?" मग मार्च 2020 आला. ज्या सिस्टिमला हात लावता येत नव्हता ती आठवडाभरात प्रत्येकाच्या घरी पोचली. माझ्या दारात लॅपटॉप आला, त्यात मी एनव्हीडीए टाकून घेतलं. हे अंधांसाठीचं स्क्रीन वाचणारं सॉफ्टवेअर, फुकट मिळतं, आणि दोन ऑस्ट्रेलियन अंध तरुणांनीच ते सुरू केलेलं. बसल्या जागी माझं काम चालू झालं.

त्या काळातली सगळ्यात मोठी चैन कुठली म्हणाल, तर मीटिंगा. नेट वाचवायला सगळे कॅमेरे बंद ठेवायचे. त्यामुळे बोलणारा आधी नाव सांगायचा, "मी अमुक बोलतोय." मान हलवून होकार देण्याची सोय कुणालाच नव्हती, "चालेल" हे तोंडानं म्हणावंच लागायचं. कुणी तक्ता दाखवला तर त्यातले आकडे वाचून दाखवायचा, कारण निम्म्यांच्या फोनवर तो दिसतच नसे. इतक्या वर्षांच्या नोकरीत मीटिंगमध्ये काय चाललंय ते मला पहिल्यांदाच पहिल्या मिनिटापासून शेवटच्या मिनिटापर्यंत कळत होतं. आता पुन्हा सगळे एका खोलीत बसतात, माना हलवतात, पडद्याकडे बोट करून "हे बघा, हे इथे वाढलंय" म्हणतात. मी आपली वही उघडल्यासारखं करून बसते.

2022 मध्ये परत ऑफिसला या म्हणून मेल आली. त्यात मजकूर नव्हताच. फुगे-बिगे असलेलं चित्र होतं म्हणे, आणि तारीख त्या चित्रात. माझं एनव्हीडीए म्हणालं, "ग्राफिक." एवढंच. रुजू कधी व्हायचं ते मला शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीनं फोन करून सांगितलं. आता ही सोय काढून घेताना आम्हाला का विचारलं नाही, असा राग मला तेव्हा आला होता. नंतर विचार केला, की विचारतील कशाला? ती आमच्यासाठी आलीच नव्हती. सगळ्यांना हवी होती म्हणून आली, सगळ्यांना तिचा कंटाळा आला तेव्हा गेली. मधल्या काळात आमचंही काम भागलं, इतकंच. गरज सरो आणि वैद्य मरो.

तर पुन्हा ठाणे-पनवेल गाडी. उद्घोषणा बिघडलेल्या असल्या तर भरवसा स्टेशनांच्या मोजणीवर. जानेवारी 2024 मध्ये ठाणे आणि ऐरोलीच्या मधे दिघा गाव स्टेशन सुरू झालं आणि वर्षानुवर्षं बोटांवर बसलेली मोजणी मला नव्यानं घटवावी लागली. ही तक्रार नव्हे बरं का. दिघ्याच्या लोकांनी त्या स्टेशनाची पुष्कळ वाट पाहिली होती.

आता दुसरी बाजू.

आमचं अर्धं जग हातानं चालतं. रस्ता ओलांडताना कुणाच्या तरी कोपराला धरायचं, भाजी चाचपून घ्यायची, कठडा, दार, भिंत पकडत जायचं. त्याच हातांचं 2020 मध्ये लोकांना भय बसलं. लोक वाईट नव्हते, घाबरलेले होते. गोखले रोड ओलांडायला मदत मागितली तर एका गृहस्थांनी माझ्या पांढऱ्या काठीचं दुसरं टोक धरलं आणि मला ओढत पलीकडे नेलं. त्यांच्या मते मदतही झाली आणि अंतरही राहिलं. पण काठीचं टोक जमिनीवर असतं म्हणून मला खड्डा कळतो. ते तुमच्या हातात गेलं की मी नुसती ओढली जाते. दुकानांसमोर अंतर ठेवायला चुन्याचे गोल आखले होते. "ताई, गोलात उभ्या राहा ना!" असा ओरडा मी कैकदा खाल्ला. गोल कुठे आहे ते सांगायला मात्र जवळ कुणी येत नसे.

लशीचं तर विचारूच नका. 1 मे 2021 ला अठरा ते चव्वेचाळीस वयाच्यांसाठी लस खुली झाली, नोंदणी कोविनवर. तिथला कॅप्चा म्हणजे वेड्यावाकड्या अक्षरांचं चित्र. त्याला आवाजाचा पर्याय नाही. केंद्र, वय, लशीचं नाव निवडायच्या चौकटीही आमच्या सॉफ्टवेअरला नीट कळत नव्हत्या. सर्वोच्च न्यायालयानं 31 मे 2021 च्या आदेशात नेमक्या या गोष्टींवर बोट ठेवलं. अंथरुणाला खिळलेल्यांना आणि अपंगांना घरी जाऊन लस द्यायची मुभा केंद्रानं दिली ती सप्टेंबर उजाडल्यावर. माझं काम कशानं झालं? भाच्याच्या बोटांनी. तो डोंबिवलीत बसून स्लॉट उघडायची वाट बघत असायचा. मला भाचा आहे. ज्याला नाही त्याचं काय, ते तेव्हा कुठल्या चौकटीत भरायचं होतं कोण जाणे.

इथे मला माझ्या शाळासोबत्याचं सांगायला हवं, कारण तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर त्याच्यापाशी आहे.

तो वांगणीला राहतो. बदलापूरच्या पुढचं स्टेशन, ठाणे जिल्ह्याचंच टोक. भाडं परवडतं म्हणून अंधांची शेकडो कुटुंबं तिथे येऊन राहिली, आणि त्यांतले कितीतरी जण लोकलमध्ये फिरून माल विकतात: पासची पाकिटं, किल्ल्यांच्या रिंगा, कंगवे, मोबाइलची कव्हरं. गाडीत विकणं रेल्वेच्या कायद्यात बसत नाही, पकडलं तर दंड होतो. तरी पोट त्यावरच. तर 22 मार्च 2020 ला जनता कर्फ्यू लागला आणि त्या रात्रीपासून लोकल थांबली. 15 जूनला सुरू झाली ती अत्यावश्यक सेवेतल्यांसाठी. सर्वसामान्यांना मुभा मिळाली 1 फेब्रुवारी 2021 ला, तीही ठरावीक तासांत. दुसऱ्या लाटेत ती गेली. मग 15 ऑगस्टपासून दोन डोस झालेल्यांना परवानगी. बातम्यांत ही फक्त लोकलची वेळापत्रकं होती. त्याच्या घरी हा दुकान उघडल्या-मिटल्याचा हिशेब होता, आणि बहुतेक काळ दुकान मिटलेलंच. लॅपटॉप त्याच्याकडे कुणी पाठवणार नव्हतं. कंगवे घरून कसे विकणार?

त्याच वांगणीत 17 एप्रिल 2021 ला काय झालं ते तुम्ही मोबाइलवर पाहिलंच असेल. एका अंध आईच्या हाताला धरून चाललेलं पोर फलाटावरून रुळांवर पडलं, समोरून गाडी येत होती, आणि पॉइंट्समन मयूर शेळके यांनी धावत जाऊन त्याला वर ढकललं. रेल्वेनं त्यांना पन्नास हजारांचं बक्षीस दिलं, त्यातले निम्मे त्यांनी त्या मुलाला देऊ केले. या माणसाला माझा दंडवत. मला तो व्हिडिओ तिघाचौघांनी वर्णन करून सांगितला. प्रत्येकानं शेळक्यांचं धावणं सांगितलं. ती बाई फलाटाच्या कडेशी हातानं जमीन चाचपत होती, हे फक्त एकीनं सांगितलं, तेही मी दोनदा विचारल्यावर.

गाड्या सुरळीत झाल्या तेव्हा माझ्या मित्राचं गिऱ्हाईक बदललं होतं. कुणाच्या खिशात सुटे पैसे नाहीत. "स्कॅन आहे का?" म्हणून विचारतात. मग कर्ज काढून स्मार्टफोन घेतला, क्यूआर कोडचं कार्ड गळ्यात अडकवलं. गिऱ्हाईक म्हणतं, "हे बघा, गेले पैसे." तो काय बघणार? मेसेज वाचेपर्यंत कळवा गेलेलं असतं, माणूस उतरलेला असतो. नोट असली तर तो लांबीरुंदी चाचपून ओळखायचा. 2016 नंतरच्या नोटांचा आकार बदलला तेव्हा तेही पहिल्यापासून शिकला. रिझर्व्ह बँकेचं नोट ओळखणारं मनी नावाचं ॲप आहे, पण भरल्या डब्यात एका हातात माल, एका हातात दांडी, तर ॲप कुठल्या हातानं धरायचं?

एकदा त्याला मीच तुमचा प्रश्न विचारला. हसला. म्हणाला, "तुला सोपं झालं. माझं गिऱ्हाईक कानात बोंडं घालून बसायला लागलं, माझी हाकसुद्धा त्याला जात नाही."

दोघं एकाच शाळेत, एकाच ब्रेलच्या पाटीवर शिकलो. दोघांच्या अंधत्वाच्या प्रमाणपत्रावर शंभर टक्केच लिहिलंय. फरक पगाराचा, घराचा, हाकेला येणाऱ्या माणसाचा. करोनानं तो फरक निर्माण केला नाही. होता तो रुंद केला, आणि वर ऑनलाइनचं कुलूप घातलं. ज्याच्याकडे किल्ली होती त्याला आत जाणं खरंच सोपं झालं.

किल्लीवाल्यांचीही अधूनमधून अडचण होतेच म्हणा. कार्ड घासायची जुनी मशीनं बटणांची होती, पाचच्या आकड्यावर टिंब असायचं, त्यावरून बोट सरकवत मी पिन टाकायचे. आता बऱ्याच ठिकाणी सपाट काच आली. राम मारुती रोडवर एका हॉटेलात वेटर मोठ्या अदबीनं म्हणाला, "मॅडम, पिन बोला, मी टाकतो." विमा कंपनीत दिवसभर मी लोकांना बजावते, कुणालाही पिन सांगू नका. त्या दिवशी मी रोख पैसे दिले. खातं उघडायला व्हिडिओ केवायसी केली तर फोन म्हणतो चेहरा चौकटीत आणा, डोळे मिचकवा. ॲसिड हल्ल्यात पापण्या गेलेल्या बायकांना हे जमेना, अंधांना जमेना. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि 30 एप्रिल 2025 ला निकाल आला की डिजिटल सेवा वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचाच, म्हणजे कलम 21 चा भाग आहे. केवायसी सगळ्यांना करता येईल अशी बनवा म्हणून वीस निर्देश दिले. त्याआधी नोव्हेंबर 2024 मध्ये याच न्यायालयानं सरकारला सांगितलं होतं की सुगम्यतेचे नियम ऐच्छिक ठेवून चालणार नाहीत, सक्तीचे करा. निकाल उत्तम आहेत. आमच्या लिफ्टपर्यंत ते अजून पोचायचे आहेत.

लिफ्टचंही सांगूनच टाकते, कारण ती मुलगी रोज माझ्यासाठी तिचं बटण दाबते आणि हा प्रश्न तिथेच निघाला. आमची जुनी इमारत पाडून नवी झाली. जुन्या लिफ्टला उठावाची बटणं होती. नवीला काचेची पट्टी, बोट लागलं की दबली. मी मजला शोधायला बोट फिरवलं की सगळे मजले दबतात, आणि आतल्या माणसांना प्रत्येक मजल्याचं दर्शन घडतं. सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषय काढला तेव्हा एक काका म्हणाले, "तुमच्या एकटीसाठी पॅनल बदलायचं म्हणजे खर्च..." वाक्य ओळखीचं वाटलं. त्यावर दुसऱ्या मजल्यावरच्या आजी उठून बोलल्या, की त्यांचा हात थरथरतो आणि त्याही भलत्याच मजल्यावर उतरतात. मग कंपनीचा माणूस बोलावला. त्यानं पॅनलवर चिकटवायला उठावाचे आकडे दिले, आणि निघता निघता सांगितलं की ही लिफ्ट मजल्याचं नाव बोलते, आवाज पहिल्या दिवसापासून आहे. लिफ्टशेजारच्या फ्लॅटवाल्यांची झोपमोड होते म्हणून कमिटीनं तो बंद करायला लावला होता.

बरीच चर्चा झाली. आता लिफ्ट सकाळी सात ते रात्री दहा बोलते. दहानंतर घरी आले तर वॉचमनला सोबत घ्यायचं, असं मिनिट्समध्ये लिहिलंय.